घोटाघोटाने काढलेला आषाढ

आमची खानावळ मालवणात आहे आणि तिचे वर्ष माशांच्या वर्षाप्रमाणे चालते. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे प्रवासी नेणाऱ्या होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, पर्यटक जवळजवळ नसतातच, आणि आमच्या स्वयंपाकघरात बँकेतल्या व कचेऱ्यांतल्या मंडळींच्या दुपारच्या डब्यांपुरते काम उरते. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची असे ठरल्यावर मी आषाढ निवडला तो याच हिशेबाने. कारण शस्त्रक्रियेचा दिवस डॉक्टरांचा असला तरी तिच्या आधीचे दोन आणि नंतरचे निदान दोन आठवडे केवळ पातळ पदार्थांवर काढायचे असतात, आणि ते काम ज्याचे त्यालाच करावे लागते, हे मला पहिल्या भेटीतच सांगण्यात आले होते. दिवसभर फोडणीच्या वासात उभी राहणारी बाई हे कसे निभावणार, ही घरातल्यांची शंका रास्त होती.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४६च्या पुढे होता. टाइप २ मधुमेह इन्सुलिनवर गेला होता, गुडघे माडीवर चढू देत नव्हते, आणि झोपेत श्वास अडखळत असल्यामुळे रात्री सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा सोडणाऱ्या यंत्राचा, मुखवटा लावून निजावे लागे. आपल्याकडच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ या बीएमआयपासून करावा असे म्हटले आहे. आरोग्यविम्याची अट मात्र ४०ची आहे, किंवा ३५ आणि जोडीला आटोक्यात नसलेला मधुमेह अथवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणे) यांसारखा आजार. मी दोन्ही बाजूंनी त्या अटीत बसत होते, ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे. पण कागदपत्रे त्यामुळे अडली नाहीत.

कोल्हापूरच्या सर्जननी माझ्यासाठी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी सुचवली. तीत जठराचा बाहेरच्या वळणाकडचा फुगीर भाग, म्हणजे एकूण जठराचा सुमारे पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के भाग, दुर्बिणीतून स्टेपल करून कापून काढतात आणि मागे एक अरुंद नळी उरते, जिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटरच मावते. त्या नळीच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत टाक्यांची रेघ असते. ती सुजलेली असते, ती भरून येईपर्यंत तिच्यावर ताण पडू द्यायचा नसतो, आणि पातळ आहाराचे सगळे नियम या एका रेघेभोवती बांधलेले आहेत. हे एकदा नीट कळले की पुढचे नियम जाचक वाटले तरी अकारण वाटत नाहीत.

शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे टाक्यांसाठी नसतात, ते यकृतासाठी असतात. माझ्यासारख्यांचे यकृत चरबीने आणि ग्लायकोजेनने, म्हणजे साठवलेल्या साखरेने, वाढलेले असते, आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर आडवा पसरलेला असल्यामुळे दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. खाण्यातले पिष्ट आणि उष्मांक एकदम कमी केले की यकृत थोडक्या दिवसांत आक्रसते आणि सर्जनला जागा मिळते. म्हणून साय काढलेले दूध, प्रथिनांची पावडर, ताक, गाळलेले सूप एवढ्यावर राहायचे, इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांना विचारून उतरवत न्यायची. नेमकी आषाढी एकादशी त्यात आली. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कोणी घरात बसून लिहिली असेल तर ते घर आमचे असावे. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्यांची आमटी, उकडलेली रताळी आणि वर शेंगदाण्याचा लाडू असा सगळ्यांचा कडकडीत उपवास चालला होता, आणि उपवास न करणारी मी ताकाचा पेला घेऊन पडवीत बसले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आले, आणि त्यानंतर ते दोन आठवडे थोडे सोपे गेले.

शस्त्रक्रिया झाली त्याच संध्याकाळी नर्सने मला उठवून व्हरांड्यात चालवले. पायांत घट्ट मोजे आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शन होतेच. दुखत होते ते पोटापेक्षा खांद्यात जास्त. दुर्बिणीसाठी पोट फुगवायला जो कार्बन डायऑक्साइड भरतात तो श्वासपटलाला डिवचतो आणि त्याची कळ खांद्याला जाणवते, असे नर्सने सांगितले. चालल्यावर ती ओसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी निळे औषध पाजून टाक्यांतून काही झिरपत नाही ना ते पाहिले, आणि मग आहारतज्ज्ञ बाईंनी औषधाच्या बाटलीवर असते तसे प्लास्टिकचे लहान टोपण माझ्या हाती दिले. त्यात ३० मिलिलिटर पाणी होते आणि ते पंधरा मिनिटांत संपवायचे होते.

एवढ्याशा पाण्याला पंधरा मिनिटे कशाला, असे कोणालाही वाटेल. पहिला घोट मी जिभेवर धरला आणि मग सोडला. तो गळ्यातून गेला, छातीच्या मध्यावर येऊन थांबला, तिथे दाबल्यासारखे झाले, आणि मग एक बारीक ढेकर येऊन तो खाली उतरला. आपण गिळलेले पाणी कुठवर पोहोचले हे जन्मात कधी कळले नव्हते. आता ते बोट ठेवून दाखवता आले असते. दुसरा घोट घ्यायला मला मुद्दाम कोणी थांबवण्याची गरज उरली नाही. पहिले दोन दिवस पाणी, गाळलेले पातळ सूप, साखर न घातलेले लिंबूपाणी आणि शहाळ्याचे थोडे पाणी एवढेच होते. स्ट्रॉने प्यायचे नाही, कारण तिच्यातून हवा जाते. सोडा किंवा बुडबुड्यांचे काहीही नाही. महिनाभर चहा-कॉफी नाही. साखर, गूळ, मध नाही. चहा सुटल्याचे दुःख मला टाक्यांपेक्षा अधिक झाले, हे नमूद करून पुढे जाते.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर एक चौकट होती: नाडी १२०च्या वर राहणे, ताप, पोटात वाढत जाणारे दुखणे, डाव्या खांद्यात नव्याने सुरू झालेली कळ, धाप, पाणीही खाली न उतरणे, यांतले काही झाले तर वेळ न दवडता परत या. टाक्यांतून गळती झाली तर ती बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत उघडकीस येते. मालवणाहून कोल्हापूर उन्हाळ्यात काही तासांचे, पण आषाढात फोंडाघाटातली एक दरड पुरते. म्हणून पहिल्या तपासणीपर्यंत कोल्हापुरातच मावसबहिणीकडे राहायचे असे माझ्या यजमानांनी आधीच ठरवले होते, आणि किनाऱ्यावरून घाटावर शस्त्रक्रियेला जाणाऱ्या प्रत्येकाने पावसाळ्यात तसेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. बहिणीच्या घरचा आठवडा चांगला गेला, फक्त एका दुपारी तिच्या सासऱ्यांनी आग्रहाने पांढरा रस्सा पुढे केला. "पातळच असतो की तो!" असे ते म्हणाले. असतो खरा, पण त्यात नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस आणि मटणाची चरबी असते, आणि टाक्यांची रेघ पातळपणा बघत नाही, त्यात काय आहे ते बघते.

परतीच्या प्रवासात राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली अशा वाटेने आम्ही दर तासाला थांबत आलो. पाय मोकळे करणे आणि टोपणभर पाणी घेणे, दोन्ही कामे त्यात होत. घाटात पाऊस एवढा होता की गाडीबाहेर पडून चालायचे म्हणजे एका टपरीच्या छपराखाली येरझारा घालणे. टपरीवाल्याने भजी पुढे केली, आणि मी हात जोडले.

घरी आल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा उभा राहिला. दिवसाला दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ पोटात गेले पाहिजेत, एका वेळी मात्र ३० मिलिलिटरच घ्यायचे. पंधरा मिनिटांना एक टोपण म्हणजे तासाला १२०, आणि जागेपणीचे चौदा तास धरले तर पावणेदोन लिटरच्या आत-बाहेर. म्हणजे हिशेब बसतो, पण एकही तास सोडता येत नाही. दुपारी दोन तास गाढ झोप लागली तर ती तूट संध्याकाळी घाईने भरून काढता येत नाही, कारण घाई केली की छातीत तोच दाब येतो. उन्हाळ्यात तहान तरी आठवण करून देते. मुसळधार पावसात, ओल्या हवेत, अंगावर शाल घेऊन बसलेल्या माणसाला तहान लागतच नाही. मुलीने माझ्या मोबाइलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि दोन दिवसांत घरातले सगळे त्या गजराला कंटाळले. शेवटी सासूबाई जपाची माळ घेऊन बसत तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसू लागले. त्यांची माळ आणि माझे टोपण साधारण एका वेळी संपत असे.

दुसरा प्रश्न प्रथिनांचा, आणि या प्रश्नावर आमच्या घरात खरा वाद झाला. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत असे तक्त्यात लिहिले होते; ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाते, जखम भरायला वेळ लागतो आणि काही महिन्यांनी केस मूठमूठ जातात. आमच्याकडे आजाऱ्याला देतात ती उकड्या तांदळाची पेज. तापातून उठलेल्याला पेज, बाळंतिणीला पेज, म्हाताऱ्यांना पेज, आणि तिच्यावरची निवळ तर अगदी कोवळ्या पोटालाही चालते. सासूबाईंनी रोज सकाळी पेजेचे तपेले चुलीवर चढवले आणि रोज मला विचारले. "गो, वायच पेज जेव. पेजेन कोणाचा वायट झाला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, पेजेने कोणाचे वाईट होत नाही. पण वाटीभर पातळ पेजेत प्रथिने ग्रॅम-दीड ग्रॅमच्या वर जात नाहीत, बाकी सारे पिष्ट. आणि माझ्या पोटात दिवसाला मोजक्या वाट्यांची जागा. ती जागा पेजेने भरली तर प्रथिनांना जागा कुठली? माशाच्या साराचेही तेच: मासा ताटात राहतो आणि वाटीत येते ते चवीचे पाणी. मुगाच्या कढणाचे वरचे पाणी तेवढे गाळून घेतले तर तेही तसेच. माणसाला आजारपणात उभे करणारे आपले हे पदार्थ भूक मंदावलेल्या पण जठर शाबूत असलेल्या माणसासाठी आहेत, हे मी सासूबाईंना समजावू शकले नाही. मुलीने कागदावर दोन रकाने काढून दाखवल्यावर त्यांनी पेजेचा आग्रह सोडला, आणि रकान्यांपेक्षा नातीने समजावले याचाच त्यात मोठा वाटा होता.

तो हिशेब असा होता: व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या, प्रथिनांच्या पावडरीच्या एका मापात २४ ग्रॅम, अशी दोन मापे म्हणजे ४८, साय काढलेले दूध ४०० मिलिलिटर म्हणजे आणखी १३. एवढ्यावर साठ ओलांडले जातात आणि बाकीचे घरच्या चवीसाठी मोकळे राहते. अडचण एवढीच की पावडर चॉकलेटच्या स्वादाची होती आणि तिसऱ्या दिवशी तिचा वासही नको झाला. तेव्हा बिनस्वादाची पावडर मागवली आणि कुळथाकडे वळले. कुळीथ कडधान्यांत प्रथिनांनी चांगला, शंभर ग्रॅमला सुमारे बावीस ग्रॅम. भाजून दळलेले पीठ दोन चमचे पाण्यात कालवायचे, तिखट आणि लसूण वगळून हिंग-जिऱ्याची तेल नसल्यासारखी फोडणी, एक कोकम, आणि नेहमीच्या पिठीच्या, म्हणजे कुळथाच्या पातळ पिठल्याच्या, दुप्पट पाणी. शिजल्यावर मलमलीतून गाळून घ्यायचे. मग ती बाजूला ठेवून कोमट होऊ द्यायची आणि पावडर तेव्हा ढवळायची. उकळत्यात घातली तर व्हे फाटून गुठळ्या होतात आणि गाळणीत सगळी वर राहते. ती पिठी मी छोट्या चमच्याने घेत असे, आणि तिने मला चॉकलेटपासून सोडवले. दुधाने पोट गुरगुरू लागले तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असलेली आयसोलेट पावडर सांगितली आणि दुधाच्या जागी घट्टसर दह्याचे घुसळलेले, गाळलेले ताक दिले.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती तासाभरात येते किंवा उद्या येते. मिक्सरवर भरवसा ठेवून चालत नाही, म्हणून ताकाची रवी आणि एक घट्ट झाकणाची बाटली पुरेशी आहे असे मी ठरवले होते. शीतकपाट बंद पडले की कढण किंवा दूध तासनतास बाहेर ठेवणे मात्र धोक्याचे; या दिवसांत जुलाब-उलट्या लागल्या तर शरीरातले पाणी झपाट्याने उतरते आणि ते टोपणाने भरून काढता येत नाही. म्हणून थोडे करायचे, लगेच संपवायचे, उरले तर दुसऱ्या कोणी प्यायचे. घरातल्या सगळ्यांनी त्या महिन्यात पातळ पिठी भरपूर प्यायली.

भेटायला येणारी माणसे कोकणात रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणी कोकम सरबताची बाटली आणली, कोणी आटवलेला आंब्याचा रस, कोणी जत्रेतले राखून ठेवलेले खाजे. "सरबत काय चावूक लागता?" असे शेजारच्या काकींनी विचारले. चावावे लागत नाही, पण बाटलीतल्या सरबतात निम्म्याहून अधिक साखर असते, आणि साखरेचे पाणी या अरुंद नळीतून वेगाने आतड्यात उतरले तर दहा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात पिळवटा आणि ग्लानी येते. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना हा त्रास अधिक होतो, स्लीव्हवाल्यांना कमी. मधुमेह असताना तो पाहण्याची हौस मला नव्हती. मी आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, वापरली. मिठातली आगळ पाण्यात चमचाभर, जिऱ्याची चिमूट, नारळाचा रस नाही. म्हणजे आमचे साधे तिवळ. आंबटपणाने जळजळ होऊ नये म्हणून तेही बेताने.

नाही म्हणण्याची कला मात्र मला वेगळ्याच ठिकाणी सापडली. "डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे" असे म्हटले की समोरचा माणूस "थोड्याने काय होते" असे म्हणतो, आणि ते वाक्य संपेपर्यंत वाटी हातात आलेली असते. एकादशीनंतर चातुर्मास लागलेला होता. एके दिवशी थकून मी काकींना सांगितले की यंदा चातुर्मास धरला आहे. काकींनी वाटी तत्काळ मागे घेतली, नमस्कार केला, आणि गल्लीभर सांगितले. त्यानंतर मला कोणी आग्रह केला नाही. पथ्य मोडायला आपल्याकडे सगळे मदत करतात, व्रत मोडायला कोणी धजावत नाही. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला आणि त्यात मला काही गैर वाटले नाही.

शरीराचे म्हणावे तर तोंडाला एक आंबूस वास येत राहिला, कारण शरीर चरबी जाळत होते. शौचाला रोज होईना, कारण आत जाणारे सगळे गाळलेले. अंगात थंडी भरे. गोळ्यांचे प्रकरण अधिक लक्ष देण्यासारखे आहे. मोठ्या गोळ्या कुटून किंवा सिरपमधून घ्यायच्या, पण हळूहळू सुटणाऱ्या, एसआर लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. माझी मधुमेहाची मेटफॉर्मिन त्यासाठी बदलून साधी दिली. इन्सुलिन रुग्णालयातच थांबले होते आणि बोटाला टोचून साखर पाहणे तेवढे राहिले. आम्लपित्ताची गोळी, वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, जीवनसत्त्वे, बी १२, लोह, आणि कॅल्शियम सायट्रेट. कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचे अंतर. कॅल्शियम कार्बोनेट पचायला जठरातले आम्ल लागते, म्हणून सायट्रेट. सांधेदुखीसाठी मी वर्षानुवर्षे घेत आलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. उलट्या होत राहिल्या तर कळवायला उशीर करू नका, असे बजावून सांगितले होते, कारण त्यातून बी १ कमी पडले तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

भुकेविषयी लोक सगळ्यांत जास्त विचारतात. खरी भूक मला लागतच नव्हती. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि तोच भाग काढलेला असतो. पण जबड्याला काम हवे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. चव नको होती, गोड नको होते, चावायला हवे होते. सुका बांगडा भाजल्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटण्याऐवजी दाढा एकमेकींवर दाबल्या जात. कुरडई मोडल्याचा आवाज शेजारच्या खोलीतून ऐकू आला तरी मी वाचत असलेल्या ओळीवरून उठत असे.

दुसऱ्या तपासणीच्या सुमारास घाटरस्त्यावर दरड आली. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर सांगितले की प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढचा तक्ता देणार नाही, तोवर पातळच चालू ठेवा. आषाढातली अमावास्या अशी माझ्या पातळ आहारातच आली. श्रावण लागायच्या आधीचा तो दिवस म्हणजे आमच्या खानावळीला पावसाळ्यातली एकमेव मोठी मागणी: कोंबडी-वडे. स्वयंपाक जाऊबाईंनी हाती घेतला, पण वाटपाला खोबरे किती भाजायचे, मसाला किती, हे अजून माझ्याकडूनच विचारून घेतले जाई. माझी वर्षानुवर्षांची रीत अशी की पळीतला एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, फुंकर घालायची आणि चाखायचा. त्या दिवशी थेंब तळहातावर आला, फुंकर घातली गेली, आणि हात तसाच जाऊबाईंपुढे केला. त्यांनी स्वतःच्या बोटाने तो घेतला. "मीठ?" मी विचारले. "वायच कमी," त्या म्हणाल्या. मी पळी घेऊन रश्शाकडे पाहत राहिले. वर आलेल्या तवंगाचा रंग, वाटप सुटून आलेली कड, वाफेतला धण्याचा आणि लवंगेचा वास यांवरून मीठ किती ते कळत नाही, पण बाकी बहुतेक सगळे कळते. मिठाचा अंदाज जाऊबाईंनी केला आणि गिऱ्हाइकांपैकी कोणी तक्रार केली नाही, हे मला थोडे लागले. त्या संध्याकाळी मेथी-धणे घातलेल्या पिठाचे वडे एकामागून एक फुगत होते आणि मी गाळलेली पिठी घेऊन मागच्या पडवीत गेले. स्वयंपाकघरात उभे राहून संयम दाखवण्याची गरज नसते. उठून दुसरीकडे जाता येते.

वजनाचा काटा पहिल्या दहा दिवसांत भराभर उतरला आणि मग एका जागी अडला. बरेच जण इथे घाबरतात. सुरुवातीला उतरते त्यात ग्लायकोजेनबरोबर बांधलेले पाणी बरेच असते, ते संपले की काही दिवस काटा थांबतो. बाईंनी काटा आठवड्यातून एकदाच पाहायला सांगितला होता, मी तेवढाच पाहिला.

रस्ता मोकळा झाल्यावर कोल्हापूरला गेले आणि पुढचा तक्ता मिळाला. तो मऊ, वाटलेल्या पदार्थांचा: घोटलेली तुरीची डाळ, कुस्करलेले पनीर, मऊ उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चमच्याने चेपून. एका वेळी दोन-तीन चमचे, वीस मिनिटांत, आणि खाण्याबरोबर पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास काही प्यायचे नाही. पातळ आहारात सारा दिवस प्यायचे होते, आता खाणे आणि पिणे वेगळे करायचे. हा बदल मला टोपणापेक्षा अवघड गेला, कारण घास अडला की पाण्याकडे हात आपोआप जातो, आणि त्या नळीत अडलेल्या घासावर पाणी घातले तर दोन्ही परत येतात.

नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ अर्पण झाला, होड्या पाण्यात गेल्या आणि आठवडाभरात बाजारात मुडदुशी आल्या. हा मासा आमच्याकडे लहान मुलांना आणि दुखण्यातून उठलेल्यांना देतात, मांस मऊ आणि काटा सहज सुटणारा. हळद-मीठ लावून वाफवलेल्या एका मुडदुशीचा अर्धा भाग मला पुरला, आणि त्या अर्ध्याला मी वीस मिनिटे लावली. खानावळ आता पुन्हा भरलेली असते. थाळीबरोबर सोलकढी वाढली जाते तेव्हा मी माझी वाटी झाकून बाजूला ठेवते आणि अर्ध्या तासाने, नारळाचा रस निम्म्याने कमी घातलेली, घोटाघोटाने घेते. रश्शाचे मीठ मात्र अजून जाऊबाईच पाहतात.